खिशातल्या चाकूला मूठ कशाची?

घडीचा चाकू घेताना बहुतेक जण पात्याची चौकशी करतात. पोलाद कोणतं, धार किती टिकेल, गंजेल का. प्रश्न रास्त आहेत. पण धार गेली तर दगडावर पुन्हा लावता येते, हातातून निसटणारी मूठ मात्र चाकू असेपर्यंत निसटतच राहते. तरीही मुठीची निवड होते ती फोटो पाहून, रंगावर आणि चमकेवर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी आपला हात, मग पाणी, मग वजन, आणि दिसणं सगळ्यात शेवटी.

म्हणून लाकूड की धातू की प्लास्टिक हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी ठरवा. चाकू दिवसभर कुठे राहणार आहे? तो उघडताना हाताला काय लागलेलं असेल? आणि काम झाल्यावर तो पुसून कोण ठेवणार? कोकणातल्या रोपवाटिकेत भर पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं बांधणाऱ्याच्या हाताला पाणी, माती आणि चीक असतो. जुलैत सह्याद्रीत भटकणाऱ्याचा चाकू दोन दिवस ओल्या सॅकमध्ये पडून राहतो. खाडीवर गळ टाकून बसणाऱ्याच्या चाकूला खारं पाणी आणि माशाचा बुळबुळीतपणा. आणि ऑफिसात पार्सलची चिकटपट्टी कापणाऱ्याच्या चाकूला यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्याने हवी ती सुंदर मूठ घ्यावी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. चाकू पुसून, तेल लावून ठेवणारा माणूस आपण नसू, तर निम्मे पर्याय तिथेच गळतात आणि निवड सोपी होते.

आता चाकू हातात घ्या. मिटलेला नाही, उघडलेला. चारही बोटं मुठीवर मावतात का पाहा. करंगळी खाली लोंबकळत असेल तर तो चाकू फळं आणि पाकिटं यांच्यापुरताच समजा. जाडी बघा. खिशात छान बसतात म्हणून एक सेंटिमीटरच्याही आतल्या सपाट मुठी हल्ली खूप दिसतात, पण जाड पुठ्ठा कापायला बसलं की त्यांच्या कडा तळव्यात रुततात. सव्वा ते दीड सेंटिमीटर जाडी आणि गोलसर कडा बहुतेक हातांना मानवतात. मग डोळे मिटून मूठ फिरवा. धार कोणत्या बाजूला आहे हे न बघता कळायला हवं. काही मुठी इतक्या गोल असतात की ते कळतच नाही, आणि अंधारात तंबूच्या दोऱ्या कापताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

पुढची चाचणी ओल्या हाताची. दुकानदाराकडे पाण्याची बाटली असतेच. पातं मिटवून, हात ओला करून मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने ओढून बघा. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत, खोबरेल तेलाचा एक थेंब तळव्याला लावून हेच करा. कोरड्या हातात सगळ्याच मुठी चांगल्या वाटतात. ज्या चाकूला पातं रोखून धरणारं कुलूप नाही, नुसता पाठीचा स्प्रिंग आहे, त्याच्या बाबतीत ही चाचणी टाळू नका. हात घसरला की पातं बोटांवर मिटतं.

इथवर आल्यावर मूठ कशाची हे बघायला हरकत नाही.

लाकूड आणि पाऊस

लाकडी मूठ हाताला सगळ्यात प्रिय असते. ती उन्हात तापत नाही, थंडीत गार पडत नाही, घाम थोडासा शोषते आणि वापरून वापरून गुळगुळीत होते. पण लाकडी मूठ कशी बांधली आहे हे लाकडाच्या जातीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते समजायला फ्रान्सचा ओपिनेल चाकू हे चांगलं उदाहरण आहे.

आल्प्सच्या पायथ्याच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू १८९० मध्ये बनवला. शेतकऱ्याचा, गुराख्याचा, स्वस्त चाकू. बीच नावाच्या युरोपी झाडाच्या एका सलग तुकड्यात करवतीने खाच पाडायची, त्यात पातं बसवायचं, एक खिळा आरपार, की झालं. १९५५ मध्ये त्याला गळ्याशी फिरणारी पोलादी कडी मिळाली आणि उघडं पातं जागच्या जागी अडकवता येऊ लागलं. यातला सगळ्यात प्रसिद्ध आठ नंबर. पातं साडेआठ सेंटिमीटर, आणि वजन पन्नास ग्रॅमच्याही आत. मुठीत धातूचा पत्रा नाही म्हणूनच तो इतका हलका, आणि पावसाळ्यातला त्याचा त्रासही त्याच कारणाने. लाकूड पाणी प्यायलं की लांबीला जवळपास वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. खाच अरुंद होते आणि पातं आत आवळलं जातं. मुंबई-कोकणच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हा चाकू पाण्यात बुडवायचीही गरज नाही. नुसत्या दमट हवेने तो उघडायला जड होतो.

साव्वाच्या लोकांनी यावर आपला तोडगा काढला आहे. कडी उघड्या स्थितीत फिरवायची, चाकू सैल धरायचा आणि मुठीचं मागचं टोक लाकडी टेबलावर ठक्कन आपटायचं. पात्याचं टोक थोडं बाहेर येतं, मग ते बोटांनी ओढता येतं. दुसरा हात तेव्हा लांब ठेवा. हा तात्पुरता इलाज. कायमचा इलाज म्हणजे घेतल्याबरोबर, शक्यतो उन्हाळ्यात, मुठीला तेल पाजणं. त्यासाठी अळशीचं कच्चं तेल घ्या. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूची संयुगं घातलेली असतात, आणि याच चाकूने आपण पेरूही कापणार असतो. कापडाने पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, वाळू द्या आणि दोन-तीनदा हेच करा. घडी घातलेल्या कापडाने खाचेच्या आतही तेल पोचवा, कारण पाणी तिथूनच शिरतं. कच्चं तेल वाळायला दिवस घेतं. घाई केली तर मूठ चिकट राहते. खिळ्यापाशी किंचित व्हॅसलीन. शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल नको. ते नीट वाळत नाही, चिकटतं आणि खवट होतं.

इथे एक गंभीर गोष्ट. अळशीच्या तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडू न शकल्याने फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं मोकळ्या जागेत पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

ज्या लाकडी मुठीत आत दोन्ही बाजूंना धातूचा पत्रा असतो, त्यांना हा आवळण्याचा त्रास नसतो. लाकूड फुगलं तरी बाहेरच्या बाजूला फुगतं, पातं मोकळं राहतं. त्यांची दुखणी वेगळी: लाकूड आणि पत्रा यांत फट पडते, किंवा रिव्हेटपाशी तडा जातो. इथे शिसव आणि साग यांसारखी घट्ट, अंगचं तेल असलेली लाकडं बरी टिकतात. साग जहाजबांधणीत वापरला जात आला तो याच गुणामुळे. रंगवलेल्या पातळ लाकडी थरांमध्ये रेझिन भरून दाबलेल्या मुठीही मिळतात. लाकडाचा तो ऊबदार स्पर्श त्यांत उरत नाही, पण पावसाची काळजीही उरत नाही. पावसाळी भटकंतीसाठी लाकूडच हवं असा हट्ट असेल तर हा मधला मार्ग आहे.

नायलॉन, ज्याला उगाच नाक मुरडतात

काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची मूठ दिसायला अगदीच सामान्य, आणि बहुतेक वाचकांनी तीच घ्यावी असं मी म्हणेन. साच्यात ओतून करतात म्हणून स्वस्त. खरखरीत नक्षी साच्यातच येते म्हणून पकड चांगली. पाणी, घाम, मीठ यांचं तिला फारसं काही वाटत नाही. हातात घेतल्यावर पोकळ वाटते, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. पोकळ वाटणं म्हणजे कमजोर असणं नव्हे.

वजनाचा फरक बघायचा तर अमेरिकेच्या बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू पाहा. १९६४ पासून तो पितळी टोकं आणि लाकडी मूठ अशा रूपात बनतो आणि सुमारे दोनशे ग्रॅम भरतो. त्याचीच नायलॉनच्या मुठीची आवृत्ती साधारण नव्वद ग्रॅमची आहे. पात्याची लांबी तीच, काम तेच. मूळ चाकू देखणा आहे यात वाद नाही, पण तो पट्ट्याच्या चामडी म्यानात शोभतो. सुती लेंग्याच्या खिशात टाकून बघा, खिसा गुडघ्याकडे निघतो.

स्वस्त प्लास्टिक आणि हे नायलॉन यांत मात्र गल्लत करू नका. स्वस्त मूठ अंगठ्याने मध्यभागी दाबली की आत वाकते आणि पातं एका बाजूला घासायला लागतं. दाबून बघा, विचारत बसू नका.

खिशातल्या स्विस चाकूंची लाल गुळगुळीत मूठ ही आणखी वेगळी चीज. व्हिक्टोरिनॉक्स कंपनी तिला सेलिडोर म्हणते. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनणारं ते प्लास्टिक. रंग सुरेख, हाताला मऊ, आणि दात कोरायची काडी व चिमटा तिच्यातच बसतात. पण ओल्या हातात ती घसरते, ओरखडे लगेच दिसतात, आणि नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनने ती विरघळते. डासांसाठी डीट असलेलं मलम लावलेल्या हातानेही तिला फार वेळ धरू नये. डीट काही प्लास्टिकांना मऊ पाडतं. नायलॉनला त्याने काही होत नाही. त्याच कंपनीची नक्षीदार अ‍ॅल्युमिनियमची मूठ अधिक पातळ आणि अधिक पकडदार आहे; मात्र तिच्यात काडी आणि चिमट्याला जागा नाही. घरातली वडीलधारी माणसं त्या काडीसाठीच चाकू मागतात, तेव्हा भेट द्यायचा असेल तर लालच घ्या.

जी-१० आणि मायकार्टा

हे दोन शब्द जाहिरातीत फार मिरवतात. दोन्ही मुळात विजेच्या कामातले आहेत. काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर रचून, उष्णतेत दाबलं की जी-१० तयार होतं. रेडिओ-टीव्हीतल्या हिरव्या सर्किट बोर्डाचा हा सख्खा भाऊ. मायकार्टामध्ये काचेऐवजी सुती कापड, लिनन किंवा कागद असतो आणि इपॉक्सीऐवजी फिनॉलिक रेझिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीने विद्युतरोधक म्हणून ते बनवलं. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात जी हायलम शीट मिळते ती याच कुळातली.

जी-१० पाणी पीत नाही, फुगत नाही, तडकत नाही. पोत खरखरीत ठेवला असेल तर ओल्या हातातही पक्का राहतो. तक्रार एकच, आणि ती पँटकडून येते: चाकू खिशाला अडकवायच्या क्लिपखाली खरखरीत जी-१० असेल तर खिशाची कड काही महिन्यांत झिजते. उपाय सोपा आहे. क्लिप काढून तिच्याखालचा तेवढाच भाग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. हे पाण्याखाली, ओलं ठेवूनच घासायचं आणि तोंडावर मास्क लावायचा; काचतंतूंची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देण्याची गोष्ट नव्हे.

मायकार्टा घेताना आत काय आहे ते विचारा. जाड कापडाचा असेल तर हाताला उबदार, ओल्या हातात न सुटणारा. कागदाचा आणि पॉलिश केलेला असेल तर हस्तिदंतासारखा देखणा आणि तितकाच घसरडा. कापडी मायकार्टा हातातलं तेल आणि घाम घेऊन काळपट होत जातो. काहींना ते आवडतं. ज्यांना नाही आवडत, त्यांनी भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासावा, बराचसा पूर्ववत होतो.

इलेक्ट्रिशियन वाचकांसाठी एक इशारा. मुठीचं साहित्य विद्युतरोधक असलं तरी चाकू विद्युतरोधक होत नाही. आतला पत्रा, रिव्हेट, क्लिप, स्क्रू सगळे धातूचे आणि बोटांना लागणारे असतात. चालू तारेजवळ खिशातला चाकू नेऊच नका, मूठ कशाचीही असो.

धातू

एक घन सेंटिमीटर पितळ साडेआठ ग्रॅमचं, पोलाद आठच्या आसपास, टायटॅनियम साडेचार, अ‍ॅल्युमिनियम पावणेतीन, जी-१० दोनच्या आत. खिशाच्या दृष्टीने धातूंची चर्चा इथेच बरीचशी संपते.

पितळ सुंदर दिसतं आणि रामपुरी चाकूने ते आपल्या मनात पक्कं बसवलं आहे. जपानचा हिगोनोकामी हाही पितळेचा किंवा पोलादाचा पत्रा दुमडून केलेला साधा चाकू. त्याला कुलूप नाही, पात्याच्या शेपटावर अंगठा ठेवून तो उघडा ठेवायचा. पण पितळेचा वास घामाबरोबर हाताला लागतो आणि कैरी, लिंबू कापल्यावर न पुसता ठेवला तर हिरवट डाग पडतात. चिंचेने डाग निघतात, वास मात्र राहतो. फळांसाठी मी तो घेणार नाही. पोलादी मूठ धुवायला सगळ्यात सोपी, ओली झाली की सगळ्यात घसरडी. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि स्वच्छ. ओरखडा खोल गेला की रंगाखालची चांदी दिसते एवढंच. टायटॅनियमला घाम किंवा समुद्र काही करत नाही आणि निकेलने ज्यांच्या त्वचेवर पुरळ येतं त्यांनाही ते चालतं. पण किंमत इतकी की असा चाकू झाडावर कलम करायला काढवत नाही. कार्बन फायबरचंही तेच: फार हलकं, फार महाग, आणि गुळगुळीत.

हाड, शिंग आणि कायदा

हाडाच्या मुठी बहुधा गुरांच्या नळीच्या हाडाच्या असतात. त्यांवर मुद्दाम खाचा पाडून रंग भरतात. खाचांमुळे पकड येते. खरं हाड ओळखायचं तर भिंगातून बघा, बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतील. त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. प्लास्टिकमध्ये त्या नसतात. आपटल्यावर हाड तडकतं. म्हशीचं शिंग अधिक चिवट आणि हाताला मऊ, पण तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते वाकडं होतं, आणि बंद कपाटात वर्षभर पडलं तर केस-लोकर खाणारे किडे त्यालाही लागतात.

सांबराच्या शिंगाची मूठ मात्र घेऊ नका. एके काळी इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या चाकूंना लागणारं हे शिंग भारतातून जात असे. आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं होतं ही सबब चालत नाही. जत्रेत किंवा जुन्या बाजारात कोणी ‘अस्सल सांबर’ म्हणून चाकू पुढे केला तर तो खोटा असेल तर फसवणूक, खरा असेल तर अडचण.

आजोबांच्या काळातला मोत्यासारख्या चमकेची किंवा कासवाच्या पाठीसारखी मूठ असलेला चाकू सापडला, तर ती सेल्युलॉइडची असण्याची शक्यता आहे. हे प्लास्टिक जुनं झालं की विघटित होतं, त्यातून निघणाऱ्या वाफांनी शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात, आणि ते झटकन पेट घेतं. असा चाकू वेगळा, हवेशीर ठेवा. बंद डब्यात इतरांबरोबर नको.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

साहित्य ठरलं तरी हातातला नेमका नग तपासायचाच. चाकू उजेडासमोर धरा: मूठ आणि आतला पत्रा यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. त्या फटीत कलमाचा चीक, सफरचंदाचा रस आणि पाणी जाऊन बसतं. सांध्यावरून नख फिरवा. अडकलं तर बोटालाही लागणार. रिव्हेट पृष्ठभागाशी सपाट हवेत. मिटलेल्या पात्याचं टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालेलं हवं, नाहीतर खिशात हात घालताना तेच पहिलं भेटतं.

रिव्हेटऐवजी स्क्रू असलेली मूठ शक्य असेल तर निवडा. पावसाळ्यानंतर ती उघडून, साफ करून, पातं ज्यावर फिरतं त्या पिव्होटला तेलाचा एक थेंब देऊन पुन्हा जोडता येते, आणि मूठ खराब झाली तर तेवढीच बदलता येते. हे स्क्रू बहुधा टॉर्क्स जातीचे असतात, सहा आणि आठ नंबरचे. सहा नंबरचा स्क्रू फार नाजूक. स्वस्त पान्याने त्याचं डोकं गोल झालं की चाकू दुरुस्तीला न्यावा लागतो, म्हणून पाना चांगला घ्या आणि फिरवण्याआधी तो नीट खाली दाबा. स्क्रू हलत नसेल तर बहुधा कारखान्यात त्यावर चिकटद्रव लावलेला असतो; तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, तो सैल पडेल. हे करताना मूठ नायलॉनची किंवा सेलिडोरची असेल तर टोक बाजूला घसरू देऊ नका, लगेच वितळते.